सहाव्या मजल्यावरचा सात

"ऐकलंस का, झाडं बारीक झाली," असं मी दारातूनच ओरडले, चपला काढल्या, खांद्यावरची बॅग डावीकडच्या खुंटीला अडकवली आणि बॅग धप्पकन जमिनीवर पडली. खुंटी नव्हती. अकरा वर्षं रोज संध्याकाळी ज्या खुंटीला माझी बॅग लटकते ती भिंतीने गिळून टाकली होती, आणि वर डागसुद्धा ठेवला नव्हता. माझा हात अजून हवेतच होता, बरोबर खुंटीच्या उंचीवर. "कोणाची?" असं आतून कोणीतरी विचारलं. आवाज नवऱ्याचा नव्हता. बाईचा होता, आणि बाई वयस्कर होती. आधी वाटलं, सासूबाई आल्या. पण सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मग वाटलं, नवऱ्याने मला न विचारता घर रंगवायला काढलं. मग हळूहळू एकेक वस्तू दिसायला लागली. खिडकी होती तिथेच होती. संध्याकाळचं ऊन रोजच्यासारखंच तिरकं येऊन फरशीवर रोजच्याच जागी पडलं होतं, पण त्या उन्हात आमचं जेवणाचं टेबल नव्हतं, तिथे एक वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत उलटं ठेवलेलं पुस्तक. पडदे पिवळे. वास जंतुनाशकाचा आणि ताज्या चहाचा. माझंच घर, आणि त्यातलं काहीच माझं नाही. खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या, लहानपणी झोका उलटा फिरायला लागताना व्हायच्या तशा.

आतून एक बाई आली. ऐंशीच्या आसपासची, काटक, ताठ, छातीवर उलटं टांगलेलं छोटं घड्याळ. तिने आधी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग पडलेल्या बॅगेकडे, मग माझ्याकडे. "चुकून आलीस वाटतं?" ती म्हणाली. आणि मी, पापणीसुद्धा न लववता म्हणाले, "नाही नाही, मला इकडेच यायचं होतं."

हे वाक्य माझं नाही, ते माझ्यात राहतं. नऊ वर्षांची असताना मी सगळ्या घराला टेकडीवर फिरायला नेलं होतं, म्हणजे पुढे मी आणि मागे आई, बाबा, भाऊ, पाण्याची पिशवी. रस्ता मला ठाऊक आहे असं मी सकाळपासून सांगत होते. दोन तासांनी आम्ही एका बंद पडलेल्या खाणीच्या काठावर उभे होतो, पुढे रस्ताच नव्हता, आणि भावाने विचारलं, "चुकलीस ना?" तेव्हा मी त्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "नाही, मला इकडेच यायचं होतं." आई त्या दगडांवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणाच्या हातून कप फुटला, भाजी करपली, गाडी चुकली की दुसरा कोणीतरी म्हणणारच, "हिला इकडेच यायचं होतं." भूगोलाच्या परीक्षेत नकाशावरच्या नदीचं नाव आठवलं नाही तेव्हा मी स्वतःच एक छानसं नाव रचून लिहून आले. गुरुजींनी विचारलं तर मी म्हणाले, त्या गावचे लोक तिला असंच म्हणतात. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी म्हटलेले नवऱ्याने लग्नानंतरच्या वीस वर्षांत एकदाही ऐकलेले नाहीत. तो म्हणतो, चूक कबूल करायची वेळ आली की हिला ताप भरतो. भरत नाही, पण घसा बसल्यासारखा होतो हे खरं. आणि उद्या दुपारी चार वाजता मला आठ माणसांसमोर एक तर तेच म्हणायचं होतं, नाही तर मला इकडेच यायचं होतं असं सिद्ध करायचं होतं, आणि हजारो लोकांना माझ्यामागून खाणीच्या काठावर न्यायचं होतं.

"हो? मग बस," बाई म्हणाली. "चहा उतरवतेच आहे." आता आली का पंचाईत. इकडेच यायचं होतं म्हटल्यावर निघणार कशी? मी त्या वेताच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले. माझ्या डोक्यावर, तीन-साडेतीन मीटरवर, माझं स्वतःचं टेबल असणार होतं, आणि त्यावर नवऱ्याने काढून ठेवलेले दोन कप. काय झालं ते एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. गेल्या आठवड्यात लिफ्टचे भाग बदलले, तेव्हापासून दारावरचा लाल आकडा एकाने पुढे धावतो. लिफ्ट तळाला असते तेव्हा एक दाखवतो, पहिल्याला दोन. खाली सूचनाही लावली आहे: 'आकड्याकडे लक्ष देऊ नये.' ती वाचून मीच हसले होते. आकड्याकडे लक्ष द्यायचं नाही तर तो लावायचाच कशाला? मग आज मी आत शिरले, सातचं बटण दाबलं, डोक्यात झाडं घेऊन उभी राहिले. लिफ्ट थांबली, वर सात दिसला, मी उतरले. बाहेर कोणी वाट बघत नव्हतं. डावीकडचं शेवटचं दार उघडं होतं, तसं ते आमचंही असतं, मी यायच्या वेळी नवरा ते लोटून ठेवतो. म्हणजे जागा बरोबर होती. लिफ्टपासून बरोबर, जिन्यापासून बरोबर, दार, खोली, खिडकी, ऊन, सगळं बरोबर. फक्त वर लावलेला आकडा खोटा होता, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. हे मला इतकं ओळखीचं वाटलं की अंगावर काटा आला.

कारण झाडांचं नेमकं तेच झालं होतं. मी काय काम करते हे सांगायला लागले की समोरच्याचे डोळे कसे बारीक होतात हे मला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आम्ही आकड्यांचे ठोकळे सांभाळतो. साध्या तक्त्याला दोन बाजू असतात, तो कागदावर मावतो. पण कोणी तीनशे चाळीस झाडांचे घेर दर महिन्याला, खोडावर पाच वेगवेगळ्या उंचींवर मोजले तर कागद अपुरा पडतो. त्याला तीन बाजू लागतात: झाड, महिना, उंची. ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला आम्ही अक्ष म्हणतो, आणि अक्षावर लेबलं असतात. जानेवारी, फेब्रुवारी, किंवा झाडाचा नंबर. दोन ठोकळ्यांची वजाबाकी करायची वेळ आली की आमची लायब्ररी, म्हणजे आम्ही लिहून ठेवलेला, कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा असा तयार कोड, जागा बघत नाही, लेबल बघते. पहिल्यातून पहिलं काढायचं नाही, मार्चमधून मार्च काढायचा, मग तो मार्च कुठेही दडून बसलेला असो. एवढ्या एका गोष्टीसाठी जगभरचे लोक आम्हाला वापरतात, समुद्र मोजणारे, मेंदू मोजणारे, आणि जंगलात राहून झाडांना फीत गुंडाळणारी एक बाई, जिचं पत्र आज सकाळी आलं. तिने लिहिलं होतं, "तुमच्या हिशेबाप्रमाणे माझी झाडं एका वर्षात बारीक झाली आहेत. दोनशे बारा नंबरचं झाड तर चांगलं दोन वीत आटलंय. मी परत जाऊन त्याला मिठी मारून पाहिली. माझे हात गेल्या वर्षी पुरत नव्हते, याही वर्षी पुरले नाहीत. तेव्हा चूक झाडाची नसावी."

तिची नव्हती आणि झाडाचीही नव्हती. माझी होती. दहा वर्षांपूर्वी आम्ही तिघं होतो, दोन खोल्या, एक खिडकी न उघडणारी, एक खिडकी न लागणारी. लायब्ररीचा पहिला आराखडा मी भिंतीवर खडूने काढला होता, आणि एका संध्याकाळी प्रश्न आला: कोणी अक्षाला लेबलंच दिली नाहीत तर? तो अक्ष तसाच उघडा राहणार? भिंतीवर तीन बाजूंचा ठोकळा होता, दोन बाजूंवर सुबक लेबलं आणि तिसरी बाजू रिकामी, आणि ती मला बघवेना. पेपरात रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात, नदीला नाव द्यायला. मी खडू घेतला आणि त्या बाजूवर लिहिलं, शून्य, एक, दोन, तीन. म्हणाले, लेबल नसेल तर लायब्ररीने स्वतः लावायचं. बाकीचे दोघं खूश झाले. सगळं कसं भरलेलं, नीटनेटकं. ती ओळ अजून आमच्या कोडमध्ये आहे, माझ्या नावावर, आणि गेली दहा वर्षं मी तिच्यासाठी भांडत आले आहे. लोक आमची लायब्ररी शिकतात तेव्हा पहिल्याच धड्यात ती शून्य-एक-दोन भेटतात. मला फार अभिमान होता तिचा. आता काय झालं तर त्या जंगलातल्या बाईच्या झाडांवर पत्र्याचे नंबर ठोकलेले होते, पण फायली वाचताना तो नंबरांचा रकाना घ्यायचा राहून गेला. लायब्ररीने निमूटपणे दोन्ही वर्षांना स्वतःची लेबलं लावली, शून्यापासून. मधल्या काळात वादळात सतरा नंबरचं झाड पडलं होतं. म्हणजे दुसऱ्या यादीत सतराच्या जागी अठरा येऊन बसलं, अठराच्या जागी एकोणीस, आणि अशी सतरानंतरची सगळीच झाडं एकेक पाऊल पुढे सरकली. लेबलं मात्र जुळली, कारण ती झाडांची नव्हतीच, माझी होती. मग लायब्ररीने एका झाडाच्या अंगातून दुसऱ्याचं अंग वजा केलं. आणि सगळ्यात लाजिरवाणं पुढेच आहे. लेबलं नसती तर लायब्ररी अडून बसली असती: इथे तीनशे चाळीस, तिथे तीनशे एकोणचाळीस, जमायचं नाही, आधी बघा काय ते. पण माझ्या लेबलांमुळे तिला वाटलं, शेवटचं एक जुळत नाहीये, तेवढं सोडून देऊ. तीनशे चाळिसावं झाड कोणालाही न सांगता गळून गेलं.

"घे," बाई म्हणाली आणि माझ्या हातात कप दिला. बशीत दोन बिस्किटं होती. "झाडं कोणाची बारीक झाली?" मी तिला सांगायला लागले आणि मला आश्चर्य वाटलं, कारण तिचे डोळे बारीक झाले नाहीत. ती पुढे सरकून बसली. मी लेबलांबद्दल सांगितलं, अक्षांबद्दल सांगितलं, वादळाबद्दल सांगितलं. ती ओळ कोणी लिहिली हे मात्र मी गाळलं. म्हणाले, "आमच्याकडे एक जुना नियम आहे." बाईने चहाचा घोट घेतला. "आणि तो काढायचाय?"

"आमच्यातल्या एकाला काढायचाय. दाढी म्हणतो आम्ही त्याला. उद्या चारला बैठक आहे. तो म्हणतो, लेबल नसेल तर नसू द्या, अक्ष रिकामाच ठेवा. पण रिकामा ठेवून चालेल कसं आजी? लोकांना सवय झालीय, हजारो ठिकाणी कामं अडतील..."

"आजी नको म्हणूस, मला सगळे सिस्टर म्हणतात. बाळंतिणींच्या वॉर्डात पस्तीस वर्षं काढली मी." तिने घड्याळ उलटंच नीट केलं. "आमच्याकडे बाळ जन्मलं की मनगटाला पट्टी बांधायची. आईचं नाव, वेळ, मुलगा की मुलगी. पण बाळं ती, हात मुडपतात, वाळतात पहिल्या दोन दिवसांत, पट्टी सुटून येते. सुटली की काय करायचं, सांग."

"परत बांधायची."

"कोणती?"

"आता, कोणत्या पाळण्यात आहे त्यावरून कळणारच की."

"कळतं ना," सिस्टर म्हणाली. "म्हणूनच तर घोटाळे होतात."

मी बिस्किट बुडवलेलं तसंच धरून बसले. सिस्टर सांगत होती, सावकाश, बिस्किटाचा चुरा बशीत गोळा करत. तिला कामावर लागून तिसरा आठवडा. सकाळची वेळ, आठ पाळणे ओळीने, आणि पाळण्यांखाली जमिनीवर एक सुटलेली पट्टी सापडली. पट्टीवर जिचं नाव तिचं बाळ दारापासून चौथ्या पाळण्यात असतं हे तिला पाठ होतं. तिने दारापासून चार मोजले आणि चौथ्याच्या दुपट्याबाहेर आलेल्या हाताला बांधली, दुसरा हात बघितलाही नाही. पण दुसऱ्या पाळण्यातलं बाळ वजन करायला गेलं होतं, पाळण्यासकट, आणि झाडणाऱ्या बाईने मधली फट दिसू नये म्हणून बाकीचे पाळणे पुढे ओढून घेतले होते. "छान ओळ दिसावी म्हणून," सिस्टर म्हणाली. "तिला वाटलं, फट वाईट दिसते." चहाचा घोट माझ्या नाकात गेला. मी खोकत राहिले आणि ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली, तळहात पोकळ करून, बाळाची ढेकर काढतात तसं. खडूने रंगलेली माझी बोटं मला दिसत होती, दहा वर्षांपूर्वीची. फट वाईट दिसते. एका जंगलातलं पडलेलं झाड, एक वजनाला गेलेलं बाळ, एकाने पुढे धावणारा लाल आकडा, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी माझ्यासारखं, हौसेने ओळ सारखी करणारं.

"मग?" मी विचारलं. "मग काय," सिस्टर म्हणाली, "वीस मिनिटांनी लक्षात आलं. आईने नाही, मीच. ते वजनाचं बाळ परत आलं आणि त्याला ठेवायला जागाच नव्हती. आणि मी काय केलं माहितीये? वॉर्डाच्या मधोमध उभी राहून ओरडले. माझं चुकलं! माझं चुकलं! आठही आया उठून बसल्या. मेट्रन धावत आल्या. सगळ्या पट्ट्या तपासल्या, सगळ्या आयांना एकेक बाळ दाखवलं, पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी. मला वाटलं, गेली नोकरी. मेट्रन म्हणाल्या, ओरडलीस म्हणून वाचलीस. कुजबुजली असतीस तर आजच घरी पाठवलं असतं." सिस्टर हसायला लागली. तिचं हसणं मोठं होतं, त्या काटक अंगातून एवढं कुठून येतंय असं वाटावं असं. "इतकं हलकं वाटलं गं त्या दिवशी. पुढे कित्येकदा वाटायचं, परत एकदा काहीतरी चुकावं आणि असंच ओरडावं." मी विचारलं, मग पट्टी सुटलेल्या बाळाचं करायचं काय? ती म्हणाली, "काही नाही. बिनपट्टीचं राहू द्यायचं. पाळण्यावर मोठ्या अक्षरात कागद लावायचा, 'पट्टी नाही'. म्हणजे येणारा-जाणारा सावध. आणि हाका मारायच्या. खरी पट्टी मिळाली की ती बांधायची. अंदाजाची नाही. बाळाला काही होत नाही बिनपट्टीचं राहिल्याने, ते झोपतं."

ते झोपतं. माझ्या डोक्यात कुठेतरी दहा वर्षं ताठ उभी राहिलेली एक गोष्ट एकदम खाली बसली. रिकामा अक्ष म्हणजे अपुरं राहिलेलं काम असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. तो नुसता अक्ष होता, त्याला लांबी होती, दोन टोकं होती, त्यातला सतरावा हवा तर सतरावा उचलता येत होता. कोणता सतरावा ते अजून माहीत नव्हतं, एवढंच. आणि माहीत नाही हे नीट लिहून ठेवता येत होतं. बेरीज करायची असेल तर लांबी सारखी असली पाहिजे, नसेल तर थांबायचं आणि हाक मारायची. मला तो सगळा ठोकळा दिसायला लागला, पिवळ्या पडद्याच्या उन्हात, स्वच्छ, दोन बाजूंना लेबलं आणि तिसरी बाजू मोकळी. आणि ती मोकळी बाजू मला सुंदर दिसली. मला आनंद झाला. अगदी सरळ, मूर्खासारखा आनंद, ज्याच्यात आपली हार आहे हे माहीत असूनही होणारा. मी उठले, बॅग उचलली. सिस्टर दारापर्यंत आली. "आठवडाभरात तू चौथी," ती म्हणाली. "पहिला तो वरचा डॉक्टर, तो तर स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. सगळे म्हणाले, चुकलो, माफ करा, आणि पळाले. मला इकडेच यायचं होतं म्हणणारी तूच. आणि चहा प्यायलेलीही तूच." तिला पहिल्यापासून सगळं कळलेलं होतं. माझे कान तापले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण घसा बसला तो बसलाच, आणि मी जिन्याने वर आले.

नवरा टेबलाशी होता, दोन कप समोर, एक रिकामा. तो दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर परक्यांची तोंडं प्लॅस्टरमध्ये बघून संध्याकाळी त्याला माझं तोंड हसरं लागतं. "चहा गार झाला. कुठे होतीस?" मी बॅग खुंटीला अडकवली. खुंटी होती. मी तिला हात लावून पाहिला. "सहाव्यावर," मी म्हणाले. "चुकून?" त्याने विचारलं, आणि त्याच्या डोळ्यांत ते वाक्य तयारच होतं, भुवया वर, वाट बघत. मी त्याला ते म्हणू दिलं नाही, पण दुसरं काही म्हणालेही नाही. गार चहा पिऊन टाकला आणि त्याला बाळांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्याकडेही कवळीवर नाव नसेल तर आम्ही कोणाच्याही तोंडात बसते का बघत नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "एकदा बघितलं होतं. बसली होती." आम्ही दोघं खूप हसलो.

सकाळी कामावर गेले ती जिन्यानेच उतरून. रस्ता ओला होता, कोणीतरी दुकानासमोर पाणी मारलं होतं, आणि दुकानांच्या पाट्या मी एकेक करून वाचत गेले, जशा काही आजच लिहिल्या होत्या. एका दुकानावर पाटीच नव्हती. आत एक माणूस छत्र्या दुरुस्त करत बसला होता. ते छत्र्यांचं दुकान आहे हे सगळ्यांना दिसत होतं. दुपारपर्यंत मी दार लावून लिहीत बसले. जुनी ओळ काढायला एक सेकंद लागला. तिच्या आधाराने उभं असलेलं सगळं सावरायला चार तास: लेबल नसलेल्या अक्षावरचा सतरावा कोणी मागितला तर नुसती जागा मोजून तो द्यायचा, लांबी जुळली नाही तर थांबायचं, आणि का थांबलो ते मोठ्या अक्षरात सांगायचं, लोकांची जुनी कामं एकदम मोडू नयेत म्हणून वर्षभर आधी इशारा द्यायचा. शेवटी ठोकळा पडद्यावर छापला की तळाशी दिसेल अशी एक नवी ओळ घातली. जंगलातल्या बाईचा ठोकळा उघडून पाहिला. महिना, लेबलं आहेत. उंची, लेबलं आहेत. आणि खाली: 'लेबल नसलेले अक्ष: झाड.' पाळण्यावरचा कागद. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. दोन्ही वर्षांची वजाबाकी करून पाहिली, तर लायब्ररी अडून बसली. तीनशे चाळीस, तीनशे एकोणचाळीस, जमत नाही. आजवर माझ्या हातून लिहिली गेलेली कुठलीही चालणारी गोष्ट मला त्या न चालण्याइतकी आवडली नव्हती.

चार वाजता आठ चेहरे पडद्यावर आले. दाढीने चौदा पानं तयार करून आणली होती, मला दिसत होतं, त्याने आवंढा गिळला, पाण्याचा घोट घेतला. गेली तीन वर्षं या विषयावर तो माझ्याशी हरला होता, दर वेळी चांगली तयारी करून. त्याने पहिलं पान उघडलं आणि मी म्हणाले, "थांब. माझं चुकलं." सात चेहरे तसेच्या तसे. मग दाढी स्वतःच्या यंत्राशी खुडबुड करत म्हणाला, "आवाज तुटतोय बहुतेक. मॅडम, परत सांगता का?" माझा घसा बसला नव्हता. मी खुर्चीवरून उठले, का उठले ते माहीत नाही, वॉर्डाच्या मधोमध उभं राहायचं असावं, आणि खच्चून म्हणाले, "माझं चुकलं! रिकाम्या अक्षाला लेबलं लावायची ती ओळ मी लिहिली, ती चुकीची होती, गेली तीन वर्षं तुझं बरोबर होतं, आणि मी ती काढून टाकलीय." शेजारच्या खोलीतून कोणीतरी दार उघडून डोकावलं. दाढीच्या चेहऱ्यावर काय काय उमटत गेलं, आधी भीती, मग संशय, मग तो एकदम हसला आणि त्याची चौदा पानं टेबलावरून खाली गेली. "आता या पानांचं काय करू?" त्याने विचारलं. "ठेव," मी म्हणाले. "लोकांना समजवायला लागतील. मी पहिलं पान वाचते, दुसरं तू." हलकं वाटतं हे सिस्टरने सांगितलं होतं, पण इतकं, हे नव्हतं सांगितलं. टाचा जमिनीला लागत नाहीयेत असं वाटत होतं. निघण्याआधी मी जंगलात पत्र पाठवलं: "तुमची झाडं बारीक झालेली नाहीत. सतरा नंबरचं पडलं तेव्हा बाकीची मी पुढे ओढली. माझं चुकलं. पत्र्याचे नंबर लावून परत वजा करा. दोनशे बारा बहुतेक बोटभर जाडच झालं असेल." उत्तर लगेच आलं. "झालंय. मिठीत कळलंच होतं."

संध्याकाळी लिफ्टजवळची सूचना काढलेली होती. आकडा दुरुस्त झाला होता. तळाला काहीच न दाखवता अंधारा राहिला, वर जाताना एक, दोन, तीन, एकेक मजला खरा सांगत. मी सातचं बटण दाबलं होतं. चार, पाच. लिफ्ट थांबली. वर स्वच्छ लाल सहा दिसत होता. दार उघडलं, बाहेर कोणीच नव्हतं. कालही कोणी नव्हतं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की बाहेर कोणी नसताना लिफ्ट रोज याच वेळी याच मजल्यावर थांबते, म्हणजे कोणीतरी बटण दाबून पटकन आत जाऊन बसतं. डावीकडचं शेवटचं दार अर्धवट उघडं होतं. वास चहाचा. लिफ्टचं दार परत लागायला लागलं, मी हात मध्ये घातला आणि उतरले.

सिस्टर वेताच्या खुर्चीत होती, पुस्तक हातात, पण उलटं. बाजूच्या स्टुलावर दोन कप. तिने वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एक क्षण नुसती लहान मुलीसारखी चोरी पकडली गेल्याची लाज होती.

"आकडा नीट केला ना त्यांनी आज," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, आता कोणी चुकणार नाही. तू कशी चुकलीस?"

"चुकले नाही," मी म्हणाले. "मला इकडेच यायचं होतं."

मग तिने पुस्तक सुलटं केलं, मिटलं आणि बाजूला ठेवलं. "मग चपला काढ," ती म्हणाली, "आणि दार लावू नकोस. अजून कोणी येईल."